ब-1 म्हणजे नेमकं काय येतं?

एप्रिल उजाडला की शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मागणी हमखास फिरते: आकारिकच्या, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या, वर्णनात्मक नोंदी कुणाकडे तयार आहेत का? थोड्याच वेळात पीडीएफ येते. इयत्तावार, विषयवार, 'विशेष प्रगती', 'आवड-छंद' आणि 'सुधारणा आवश्यक' अशा रकान्यांत नीट मांडलेली. गणितातील क्रिया अचूक करतो. गोष्टीची पुस्तके आवडीने वाचतो. शुद्धलेखनाकडे लक्ष देणे आवश्यक. 'करतो'चं 'करते' केलं की मुलीची नोंद तयार. मग ती वाक्यं हजेरीपटाच्या क्रमाने वाटली जातात, पालक सही करतात आणि प्रगतिपुस्तक दप्तरात परत जातं. त्यात लिहिलेलं वाक्य आपल्याच मुलाबद्दल आहे का, असं विचारणारा पालक अजून तरी मला भेटलेला नाही.

शिक्षकांना यात झोडपण्यात अर्थ नाही. चोवीस तासांत शंभर कागद मागणाऱ्या व्यवस्थेला माणूस शंभर कागद देतो, एवढंच. प्रश्न असा आहे की जे प्रगतिपुस्तक लिहिणाऱ्याला खरं वाटत नाही आणि वाचणाऱ्याला कळत नाही, ते आपण इतकी वर्षं का भरतो आहोत. आणि आता 'समग्र प्रगतिपत्रक' नावाची नवी आवृत्ती येते आहे, तेव्हा तरी हा प्रश्न वेळेवर विचारायला हवा.

मागचा हिशेब आधी. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 रोजी लागू झाला. त्याच्या कलम 29 मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन होतं, आणि त्यानुसार महाराष्ट्राने 20 ऑगस्ट 2010 ला शासन निर्णय काढला. कल्पना उत्तम होती. वर्षाच्या शेवटी तीन तासांच्या पेपरवर मुलाचं भवितव्य ठरू नये. शिक्षकाने वर्षभर बघावं, ऐकावं, लिहून ठेवावं. त्यासाठी आठ साधनं दिली: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर. पहिली-दुसरीला आकारिक 70 आणि संकलित (सत्राच्या शेवटची परीक्षा) 30, तिसरी-चौथीला 60 आणि 40, पाचवी-सहावीला निम्मं-निम्मं, सातवी-आठवीला 40 आणि 60. एवढी सगळी समृद्ध माहिती गोळा करायची, आणि सत्राच्या शेवटी तिची बेरीज करून एक अक्षर काढायचं. अ-1, अ-2, ब-1 असं.

घोटाळा त्या बेरजेत आहे.

चौथीतली दोन मुलं घ्या. पहिल्याची वही टापटीप, हजेरी पूर्ण, प्रकल्प वेळेवर, वर्गात हात वर. आकारिकात त्याला 60 पैकी 50 मिळतात. संकलितच्या पेपरात मात्र भागाकार आणि अपूर्णांक दोन्ही कोसळतात, 40 पैकी 22. बेरीज 72, श्रेणी ब-1. दुसरी मुलगी वर्गात बोलत नाही, प्रकल्प दिलाच नाही, गृहपाठाची वही निम्मी कोरी, आकारिकात 37. पण तिला गणित येतं, पेपरात 36. बेरीज 73, श्रेणी ब-1. एकाला भागाकार पुन्हा पहिल्यापासून शिकवायला हवा. दुसरीला पुढचं द्यायला हवं, आणि ती गप्प का असते ते कुणीतरी बघायला हवं. प्रगतिपुस्तक दोघांच्या घरी एकच गोष्ट सांगतं. पाचवीच्या शिक्षकालाही जूनमध्ये तेवढंच कळतं.

प्रकल्पाबद्दल वेगळं सांगायला नको. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीत तयार चित्रांचे तक्ते मिळतात, मजकूर बाबा नेटवरून उतरवून घेतात, आई रात्री चिकटवते. आणि त्याचे गुण मुलाच्या परिसर अभ्यासात जमा होतात.

याला पर्याय म्हणून जगभर ज्या पद्धतीची चर्चा आहे, तिचं सूत्र साधं आहे. विषयाला एक अक्षर द्यायचं नाही. त्या विषयात त्या इयत्तेला जे चार-सहा महत्त्वाचं यायला हवं, त्यातल्या प्रत्येकापुढे मूल कुठे आहे ते लिहायचं. हजेरी, गृहपाठ, टापटीप, वर्गातला सहभाग हेही लिहायचं, पण स्वतंत्र चौकटीत. ते गणितात मिसळायचं नाही. आणि जुलैत येत नव्हतं, सप्टेंबरात येतं, तर 'येतं' असंच लिहायचं. दोन्हींची सरासरी काढून 'थोडंसं येतं' असं करायचं नाही. मूल शिकलं की शिकण्याआधीचं अज्ञान त्याच्या गुणांत का उरावं, याचं उत्तर मला आजवर कुठल्याही मूल्यमापन पुस्तिकेत सापडलं नाही.

हे काही परदेशातून आणायचं नवीन खूळ नाही. आपल्याकडे हे गेली वीस वर्षं चालू आहे, फक्त शाळेच्या बाहेर. 1995 मध्ये मुंबईच्या वस्त्यांतून काम सुरू केलेल्या 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेचा 'असर' अहवाल 2005 पासून निघतो. त्यांचे कार्यकर्ते घरी येतात, मुलाच्या हातात एक कागद देतात. त्यावर अक्षरं आहेत, शब्द आहेत, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आहे आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट आहे. मूल जिथपर्यंत वाचू शकतं तिथे खूण. गणितात अंकओळख, मग हातच्याची वजाबाकी, मग तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं. दहा मिनिटांत काम संपतं आणि निकाल कुठल्याही आजीला समजेल असा असतो: शब्द वाचतो, परिच्छेद अडखळतो. 2024 च्या असरनुसार ग्रामीण भारतात पाचवीतल्या 48.8 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता, आणि 30.7 टक्क्यांना तो भागाकार जमत होता. दर वेळी हे आकडे आले की वर्तमानपत्रांत हळहळ होते. पण वाचता न येणाऱ्या निम्म्या मुलांच्या घरीही प्रगतिपुस्तक गेलेलं असतंच. त्यातल्या किती पुस्तकांत हे स्पष्ट लिहिलेलं होतं? जी गोष्ट त्रयस्थ कार्यकर्ता दहा मिनिटांत सांगतो, ती दहा महिने त्या मुलासोबत असणाऱ्या शिक्षकाला ठाऊक नसते असं अजिबात नाही. ती लिहायला कागदावर जागाच नसते.

बरं, यादी करायलाही नवी समिती नको. एनसीईआरटीने 2017 मध्ये प्राथमिक स्तरासाठी अध्ययन निष्पत्ती, म्हणजे कुठल्या इयत्तेत मुलाला काय यायला हवं याच्या याद्या, प्रसिद्ध केल्या, त्याच वर्षी त्या शिक्षण हक्काच्या केंद्रीय नियमांत आल्या, आणि आज बालभारतीच्या पुस्तकात सुरुवातीलाच त्या सांकेतिक क्रमांकांसह छापलेल्या असतात. पुस्तकात आहेत, प्रशिक्षणात आहेत, टाचणात आहेत. मुलाच्या घरी जाणाऱ्या एकमेव कागदावर तेवढ्या नाहीत.

अर्थात त्या आहेत तशा उचलून छापल्या तर पालकांचे हाल होतील. त्यांची भाषा शिक्षणशास्त्राची आहे, आणि संख्या इतकी की प्रगतिपुस्तकाचा ग्रंथ व्हावा. चौथीच्या गणितापुरतं बोलायचं तर माझ्या मते पाच ओळी पुरेत. मोठ्या संख्या वाचणं-लिहिणं. हातच्याची बेरीज-वजाबाकी. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं. अर्धा, पाव, पाऊण ओळखून लिहिणं. पैसे, वजन आणि वेळ यांची शाब्दिक उदाहरणं सोडवणं. प्रत्येकापुढे तीनच शक्यता: एकट्याने जमतं, मदत लागते, अजून सुरुवात आहे. आणि शेवटची तपासणी कधी केली ती तारीख. मराठीसाठीही तसंच, अनोळखी उतारा वाचून अर्थ सांगतो का, स्वतःच्या मनाने पाच-सहा वाक्यं लिहितो का. ही ओळ वाचून पालक निदान घरी एखादा उतारा मुलापुढे धरतील. 'ब-1' वाचून काय करणार, शिकवणी लावणार.

ही गोष्ट कुणाला सर्वांत जास्त लागते, तर ज्यांची शाळा मध्येच बदलते त्यांना. दिवाळी झाली की बीड, अहिल्यानगर, जालन्याच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, कुणी कर्नाटकात. जी मुलं आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहत नाहीत, ती कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, जातात आणि नशिबाने जवळच्या शाळेत बसतात. या मुलांसाठी राज्यात शिक्षण हमी कार्ड आहे. हे कार्ड दाखवलं की पोहोचेल तिथल्या शाळेने कागदपत्रांचा आग्रह न धरता मुलाला दाखल करून घ्यायचं. योजना चांगली आहे. पण कल्पना करा, डिसेंबरात कारखान्याजवळच्या एखाद्या शाळेत तिसरीतली मुलगी येऊन बसते. बाईंच्या वर्गात आधीच तीस मुलं. हिच्याकडे असलेला कागद सांगतो की मागच्या सत्रात मराठी ब-2, गणित क-1. बाई काय करणार? तिला मधल्या बाकावर बसवून आपला पाठ पुढे नेणार. मार्चमध्ये पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की मुलगी परत गावी, आणि गावच्या गुरुजींनाही या चार महिन्यांत काय झालं ते कळण्याचा मार्ग नाही. त्याऐवजी कार्डावर 'जोडाक्षरं अडतात, बाकी वाचते. हातच्याची वजाबाकी येते. गुणाकार सुरू केलेला नाही' एवढं असतं, तर पहिल्याच दिवशी काम सुरू झालं असतं. तीन वाक्यं. त्यांना ना ॲप लागतं ना पोर्टल.

जे प्राथमिकला घडतं तेच मोठ्या प्रमाणावर दहावीला घडतं, फक्त तिथे अक्षराऐवजी टक्के असतात. राज्य मंडळाचा दहावीचा निकाल 2018 मध्ये 89.41 टक्के होता. 2019 मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत 20 गुण काढले, अभ्यासक्रमही नवा होता, निकाल 77.10 वर आला. केवढा गदारोळ झाला. पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परत आले आणि निकाल 95.30 झाला, त्यात कोरोनामुळे रद्द झालेल्या भूगोलाच्या पेपरचाही वाटा होता. 2021 मध्ये परीक्षाच झाली नाही आणि 99.95 टक्के मुलं उत्तीर्ण झाली. चार वर्षांत मराठी मुलं आधी मठ्ठ, मग हुशार आणि मग अतिहुशार झाली असं कुणी म्हणणार नाही. बदलत होती ती मोजपट्टी. 2025 मध्ये 211 मुलांना 100 टक्के मिळाले. त्यांच्या कष्टांबद्दल शंका नाही. पण या टक्केवारीत सहापैकी उत्तम पाच विषयांचा हिशेब असतो आणि खेळ, चित्रकला, लोककलेचे वाढीव गुणही मिळवलेले असू शकतात. चित्रकलेला मान द्यावाच. पण इंटरमीजिएट चित्रकला परीक्षेच्या श्रेणीमुळे मुलाची टक्केवारी वाढते तेव्हा तो आकडा चित्राबद्दलही काही सांगत नाही आणि विज्ञानाबद्दलही नाही.

इथे एक आक्षेप लगेच येतो, आणि तो खोटा नाही. पालकांना टक्के हवेत. आपलं मूल शेजारच्या मुलाच्या तुलनेत कुठे आहे, हे त्यांना कळायला हवं असतं, कारण पुढे सगळी दारं त्याच आकड्याने उघडतात. नवोदय, शिष्यवृत्ती, अकरावी, सीईटी. मान्य. निवडीच्या परीक्षा राहणारच, आणि त्यांनी क्रम लावावा. पण दुसरीतल्या मुलाच्या प्रगतिपुस्तकाने अकरावीच्या प्रवेशाची रंगीत तालीम करावी याला काय कारण? निवडणं आणि कळवणं ही दोन कामं आहेत, आणि एका आकड्याकडून दोन्ही करून घेण्याच्या नादात कळवणं मागे पडलं आहे.

दुसरा आक्षेप नेमका उलट बाजूचा: हे सगळं मुलांचे लाड करणारं आहे, आधीच ढकलपास करून पिढी बिघडवली, त्यात आता गुणही नकोत. मला हा आक्षेप गमतीचा वाटतो, कारण आजची श्रेणीच खरी लाडकी आहे. तिच्यात झाकायला भरपूर जागा आहे. चांगली वही भागाकार झाकते, पाठांतर वाचन झाकतं. 'भागाकार: अजून सुरुवात आहे' ही ओळ काहीच झाकत नाही, आणि ती लिहिल्यावर 'मग तुम्ही काय केलंत?' हा प्रश्न शाळेलाही विचारता येतो. 2019 मध्ये कायदा बदलला आणि पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा व नापास करण्याची मुभा परत आली. महाराष्ट्रानेही ती स्वीकारली. त्या तरतुदीत नापास मुलाला निकालानंतर दोन महिन्यांत पुन्हा परीक्षेची संधी द्यायची असते, आणि दरम्यान शिकवायचंही असतं. ऐन मे महिन्यात त्याला शिकवायचं तरी काय? पूर्ण पुस्तक? ज्याला गणितात 24 मिळाले, त्याचं कुठे अडलं आहे हे कागदावर नसेल तर ती दुसरी संधी म्हणजे तीच परीक्षा उन्हात पुन्हा एकदा, एवढंच.

तिसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि माझ्या लेखी तोच सर्वांत वजनदार. तीस मुलं, सात विषय आणि आठपैकी निम्मीच साधनं वापरली तरी एका सत्रात 840 नोंदी होतात. द्विशिक्षकी शाळेत एकेका गुरुजींकडे दोन-तीन इयत्ता असतात. शिवाय पीएटी या सरकारी नियतकालिक चाचण्यांचे गुण चॅटबॉटवर, यू-डायस या शाळांच्या माहितीसाठ्याची माहिती वेगळी, पोषण आहाराची वेगळी. यावर आणखी पाच-पाच ओळी भरा म्हटलं की काय होणार ते सांगायला ज्योतिषी नको. पुढच्या एप्रिलमध्ये त्याही ओळींची पीडीएफ फिरेल. म्हणून वरच्या पाच ओळी या 840 नोंदींच्या जागी यायला हव्यात. आठ साधनांचे रकाने, त्यांचं गुणांत रूपांतर, वर्णनात्मक नोंदवही, सगळं बंद. शिक्षक पाठकोऱ्या कागदावर काय टिपून ठेवतो ते त्याचं त्याला ठरवू द्या.

पण मग एका शिक्षकाचं 'जमतं' आणि दुसऱ्याचं 'जमतं' सारखं कसं? हा प्रश्न खरा आहे, आणि त्याचं उत्तर आपल्याकडेच पडून आहे. दर महिन्याला केंद्रस्तरावर, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटात, शिक्षण परिषद भरते. तिथे बहुतेक वेळ परिपत्रकं वाचण्यात आणि माहिती कधी भरणार हे विचारण्यात जातो. त्याऐवजी दहा शाळांच्या शिक्षकांनी चौथीच्या मुलांनी मनाने लिहिलेले वीस कागद समोर ठेवावेत आणि यातलं कुठलं 'एकट्याने जमतं' यावर तासभर भांडावं. त्या भांडणातून जी सहमती होईल ती कुठल्याही मार्गदर्शक पुस्तिकेपेक्षा टिकाऊ असेल.

हे न करता वरून सक्ती लादली तर काय होतं याचे दोन दाखले आहेत. सीबीएसईने 2009 मध्ये सीसीई, म्हणजे हेच सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, आणलं. एफए (आकारिक), एसए (संकलित), नऊ टप्प्यांच्या श्रेणी. 2017 मध्ये ते गुंडाळलं आणि दहावीची बोर्ड परीक्षा पुन्हा सर्वांना सक्तीची झाली. अमेरिकेतल्या मेन राज्याने 2012 मध्ये कायदाच केला की शाळा पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र मिळवायला ठरावीक गोष्टी येतात हे दाखवावं लागेल. प्रत्येक जिल्ह्याने आपापली पद्धत रचली, पालक गोंधळले, महाविद्यालयीन प्रवेशाची भीती पसरली, आणि 2018 मध्ये ती सक्ती मागे घ्यावी लागली. दोन्हीकडे विचार वाईट नव्हता.

आता समग्र प्रगतिपत्रकाकडे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सर्व बाजूंनी मुलाचं चित्र देणारं, 360 अंशांचं प्रगतिपत्रक सुचवलं आहे, आणि एनसीईआरटीच्या 'परख' या मूल्यमापन केंद्राने त्याचे नमुने तयार केले आहेत. त्यात मुलाने स्वतःचं मूल्यांकन करायचं, मित्राने करायचं, पालकांनी करायचं. जाणीव, संवेदनशीलता आणि सर्जनशीलता अशा क्षमता बघायच्या. मुलाला 'तुला स्वतःला काय जमलं असं वाटतं?' हे विचारणं मला मनापासून आवडतं. ते ठेवावं. पण तिसरीतल्या पोराची संवेदनशीलता सत्रागणिक कुठल्या पायरीवर आहे हे ठरवायचा अधिकार शाळेला कुणी दिला, हे मला समजत नाही, आणि चाळीस मुलांच्या वर्गात ते प्रामाणिकपणे कसं होणार हेही. तिथे पुन्हा छापील वाक्यं येतील. आणि पानंच्या पानं भरलेल्या त्या रंगीत पत्रकात 'वाचता येतं का' ही ओळ शोधावी लागेल.

शिक्षण विभागाने नवं पत्रक काढताना शासन निर्णयाचं पहिलं कलम कोणत्या नोंदवह्या आणि कोणती प्रपत्रं आजपासून बंद होत आहेत, याच्या यादीचं ठेवावं. ती यादी नसेल, तर शिक्षक संघटनांनी वेतनश्रेणीइतक्याच जोराने ती मागावी. आणि शाळा व्यवस्थापन समितीत बसणाऱ्या पालकांनी तोवर थांबायचंही कारण नाही. कायद्याने ते समितीत बहुसंख्य आहेत. ऑक्टोबरच्या सभेत खिचडी आणि रंगकाम झाल्यावर एवढंच विचारावं: आमच्या चौथीच्या वर्गात भागाकार एकट्याने जमणारी मुलं किती, आणि ज्यांना जमत नाही त्यांच्या घरी हे कोणत्या शब्दांत कळवलं?